दवबिंदूंसाठी वाळू

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. एकोणीसशे चोपन्नच्या भाद्रपदात मसाईच्या पठारावरून दवबिंदूची काही रोपं आणली. बोटभर उंचीची, लालसर. पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून पचवणारी. आणली वर्गासाठी, पण त्यांत जीव गुंतला माझ्या बायकोचा, निर्मलेचा. आमचं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हापासून ती खोलीबाहेर येत नव्हती. आता सकाळी उठून व्हरांड्यात कुंड्यांपाशी बसू लागली.

पंधरवड्यात रोपं काळवंडली. निर्मला पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजू लागली.

मला कुंड्यांत भरलेल्या वाळूचा संशय आला. पंचगंगेच्या त्या वाळूवर आम्ल टाकलं तर फसफसली. शिंपल्यांचा चुना, आणि या रोपांना चुना म्हणजे विषच. उद्यमनगरात कृष्णात पवारांची फाउंड्री होती. साच्यांसाठी त्यांच्याकडे कोकणातून पांढरी वाळू येई. ती आम्लानं अजिबात फसफसली नाही.

"भट्टीत गेलेली न्हाय, मास्तर. न्या की," ते म्हणाले.

घरी धुतली, तर पहिलंच पाणी नितळ निघालं. अशी वाळू मी पाहिली नव्हती. वाचलेली तीन रोपं निर्मलेनं स्वतःच्या हातांनी त्या वाळूत, तीन कुंड्यांत लावली, साठवलेलं पावसाचं पाणी घातलं.

आठवड्याच्या आत नवी पानं उलगडली. निर्मला पोटभर जेवू लागली. खोलीच्या खिडक्या उघडल्या.

आश्विनाच्या अखेरीस एका गारठलेल्या सकाळी तिनं मला हाक मारली.

"अहो, वाळूला हात लावून बघा."

वाळू कोमट होती. थर्मामीटर खोचला, पारा हवेइतकाच. दिवाळीचा फराळ घेऊन कृष्णात आले, तेव्हा त्यांनाही हात ठेवायला सांगितलं.

"गार हाय की," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी पुन्हा तळवा टेकवला. कोमटच.

निर्मलेला मात्र कसलंच नवल वाटत नव्हतं.

काही दिवसांनी शेजारी बारसं होतं. मला वाटलं, ती जाणार नाही. ती हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून बाहेर आली. वर्षभरानं हसली.

"मी जाऊन येते. इथं मोठ्यानं बोलू नका हं."

ती गेल्यावर मी मधल्या कुंडीवर वाकलो. ऊन तिरपं पडलं होतं. रोपाभोवतीची वाळू अगदी किंचित वर येत होती, खाली जात होती.

माझाच श्वास लागत असेल म्हणून मी तो रोखून धरला.

वाळू थांबली नाही.