ठिपका स्वयंपाकघरात

सूनबाईचं काम असं, की कचेरीतून घरी आल्यावरही जेवणाच्या टेबलावर संगणक मांडायचा आणि शहराच्या भागांच्या हद्दी तपासून सरळ करत बसायचं. बस कुठून सोडायच्या, रस्ता कुठे रुंद करायचा, हे तिच्या कचेरीत त्यावरून ठरे. सासूबाईंच्या मते ते नुसतं भरतकाम होतं, फक्त पगारी.

"हा बघा, आई, आपला भाग," एका संध्याकाळी ती म्हणाली. "कुणा शहाण्याने हद्द तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत नेलीय. म्हणून भागाचा मध्य दाखवणारा ठिपका पाण्यात पडलाय."

"पडू दे की. बुडणार आहे थोडाच!"

"अहो, एका भागातली सगळी माणसं त्या एका ठिपक्यातून कामाला निघतात, असं आम्ही धरतो. म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे तलावातूनच निघतोय!"

दोघी हसल्या. सूनबाईने हद्द ओढून अलीकडच्या काठावर आणली. ठिपका सरकला आणि नेमका त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन थांबला.

"या, बसा," सासूबाई त्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी पाणी होतं. नळ तर घट्ट बंद. ओल्या पावलांची रांग ओट्यापासून बाहेरच्या दारापर्यंत गेली होती. आत येणारं पाऊल एकही नव्हतं. सासूबाईंनी फरशी पुसली. फडक्याला शेवाळाचा वास आला.

मग आवाज येऊ लागले. कुणी खाकरतंय, कुणी किल्ल्या शोधतंय, कुणी डब्याचं झाकण दाबून बसवतंय. दिसत कुणी नव्हतं. मुलगा परगावी नोकरीला, सून दिवसभर कचेरीत. सासूबाईंच्या सोबतीला फ्रिजची घरघर तेवढी. आता रोज सकाळी घर कसं भरून जाई. त्यांनी दारात जाडसर पायपुसणं टाकलं.

"पाय पुसा रे! घर आहे, फलाट नव्हे!"

आणि पावलं पायपुसण्यावर थबकत. निमूट.

एकदा लवकर उठलेल्या सूनबाईने ते ऐकलं.

"आई, मी हा ठिपका चौकात हलवते."

"हात तर लावून बघ!"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती? तोंड मिटून दिवस काढायची वाटायची. आता ओरडायला माणसं आहेत."

"संध्याकाळी आले की हलवणार म्हणजे हलवणार. नाहीतर मी या घरात राहायची नाही."

सासूबाई फडकं घेऊन फरशी पुसू लागल्या.

सूनबाईने ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा संपवला, पर्स खांद्याला अडकवली आणि निघाली.

फरशी नुकतीच पुसलेली, कोरडी ठणठणीत होती.

तिच्या मागे ओली पावलं उमटत गेली.

"पाय पूस गं," सासूबाईंच्या तोंडून सवयीने गेलं.

ती पायपुसण्यावर थबकली. निमूट पाय पुसले.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी मायेने म्हणाल्या, "ठिपक्याची घाई नको करूस हं, बाळा."

"कुठला ठिपका, आई?" सूनबाईने हसून विचारलं. तिच्या पर्सच्या तळातून पाणी ठिबकत होतं.