चार महिने आधी आलेली सीट

“सांगून टाका हो भावजींना... एकदाचं सांगून टाका!”

नवऱ्याच्या पायाशी बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिला हुंदका आवरेना. साइटवर सगळे ज्याला ‘दादा’ म्हणून मान देतात त्या धडधाकट पुरुषाला स्वतःच्या बुटांपर्यंत वाकता येऊ नये! दादा दाराची चौकट धरून उभाच होता. एकदा बसलं की पुन्हा उठणं म्हणजे दिव्यच.

“चारच महिने राहिलेत,” तो दात आवळून म्हणाला. “धाकट्याला चाळीस वर्षं पूर्ण झाली की मी आपणहून उतरेन मशीनवरून.”

“आणि तोवर तुमचं काय उरेल?”

दादाने डबा उचलला आणि तो निघाला.

त्यांच्या कंपनीत खडक खोदणारं पोकलेन मशीन घरातल्या घरात जायचं... बापाकडून मुलाकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे. अट एकच, चाळिशी ओलांडलेल्याला नव्याने घेत नसत. वडील वीस वर्षं या मशीनवर बसले, त्यांच्यानंतर दादा. सीट म्हणजे काय, तर लोखंडी पत्रा आणि त्यावर बोटभर फोम! खडकाचा प्रत्येक हिसका थेट मणक्यात. शेवटची तीन वर्षं वडील अंथरुणावरून उठले नाहीत. घरच्यांना वाटलं, वय झालं. पण डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही पाठ त्या सीटने खाल्ली आहे.

दादाने ते मनातच गाडून टाकलं. धाकटा लहानपणापासून त्या मशीनसाठी वेडा! पाठीचं कळलं असतं तर थांबणं दूरच, तो हट्टालाच पेटला असता. म्हणून बारा वर्षांपूर्वी साऱ्या साइटसमोर दादा त्याच्यावर कडाडला होता, “या मशीनला हात लावायची तुझी लायकी नाही!” घाव वर्मी बसला. धाकटा तडक निघून गेला, मशीनच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि दोघा भावांतला शब्दच संपला. भावाचं भलं करायला निघालेला दादा त्याचा वैरी होऊन बसला. भलं करणाऱ्यांना दुसरं जमतं तरी काय! आता दादाची पाठही गेली होती. पण तो उतरला तर मशीन धाकट्याकडे जाणार... म्हणून तो उतरत नव्हता.

साइटवर पोचतो तोच फोरमन आनंदाने ओरडला, “दादा, नशीब उघडलं तुझं! नवी सीट आलीय मशीनला, हवेवर तोलणारी!”

सीट बसवायला आलेल्या मिस्त्रीला पाहून दादाचं काळीज लक्कन हललं. तो धाकटा होता.

“ऑपरेटरसाहेब, जरा बाजूला व्हा,” धाकटा त्याच्याकडे न बघता म्हणाला.

साहेब! सख्ख्या भावाच्या तोंडून!

धाकट्याने बोल्ट काढून जुनी सीट खाली ठेवली, सवयीने तिच्यावरून तळवा फिरवला आणि थबकला. डावी बाजू पार चेपून पत्र्याला टेकली होती. उजवी जवळजवळ कोरी. त्याने दादाकडे एकदा निरखून पाहिलं. मग नवी सीट बसवली.

दादा चढला. त्याने बकेट उचलली, मशीन वळवलं, तोच उजव्या पायातून कळ निघाली आणि रोजच्या सवयीने तो डाव्या पायावर भार देऊन अर्धवट उठला. मशीन ठप्प! पुन्हा सुरू केलं, पुन्हा ठप्प. तिसऱ्यांदाही तेच.

“काय हो मिस्त्री, बिघडलेला माल आणला का?” फोरमन तडकला.

“माल चोख आहे. सीटखाली खटका आहे. बसलेला माणूस उठला की मशीन थांबतं. सुरक्षेसाठी.”

दादाच्या अंगाला दरदरून घाम फुटला. चारही बाजूंनी काच, काचेबाहेर माणसं, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर... बसावं तर जीव जातो, उठावं तर मशीनच चुगली करतं! चार महिने, देवा, फक्त चार महिने! डोळे मिटून त्याने सगळा भार सीटवर टाकला आणि त्याच्या तोंडून किंकाळी फुटली.

धाकटा उडी मारून वर चढला, त्याने दार उघडलं. “कधीपासून?”

“काय... कधीपासून?”

“एका अंगावर बसतोयस ते! मी रोज जुन्या सीटा काढतो, दादा. बसणारा कसा बसायचा ते फोमवर दिसतं मला.”

दादा! बारा वर्षांनी ऐकलेल्या त्या हाकेने त्याचा बांध फुटला.

“पाठ गेली असेल तर हा उतरेल,” खालून फोरमन म्हणाला. “नियमाने मशीन आता धाकट्या भावाचं, म्हणजे तुमचं, मिस्त्री.”

“नको!” दादाने धाकट्याची बाही घट्ट धरली. “बाबांना त्या जुन्या सीटने खाल्लं रे... डॉक्टर मला म्हणाले होते. तू तिच्यावर बसू नयेस म्हणून तुला तसं तोडून बोललो...”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. “आणि मी बारा वर्षं तुला शिव्या घालत राहिलो! तेव्हाच सांगायचं होतंस!”

“तू ऐकलं नसतंस.”

“नसतंच ऐकलं! पण सीट तरी बदलली असती ना रे वेड्या! दुसरं काय करतो मी दिवसभर? गावभरच्या सीटा बदलत हिंडलो आणि माझाच भाऊ पत्र्यावर बसला!”

बोलता बोलता तो दादाच्या खांद्यावर कोसळला. दादा हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना. एवढा मोठा त्याग, आणि एका वाक्यात मिटला असता!

धाकट्याने त्याला हळूहळू सीटवरून सोडवलं आणि दाराबाहेर उभं केलं. दार धरून दादा म्हणाला, “आता तो पत्रा गेला, बस तू.”

“मला मशीन नकोच होतं दादा. तू मला लायक म्हणायला हवं होतंस, एवढंच.”

“म्हणून तर म्हणतोय, बस.” दादाची नजर सीटच्या बाजूच्या, आकडे कोरलेल्या चकतीवर गेली. “ही कशाला?”

“बसणाऱ्याच्या वजनावर लावायची. मग हिसका सीटच सोसते, पाठीला लागत नाही.”

“तुझं किती?”

“एकाहत्तर.”

दादाच्या आठवणीतला भाऊ पंचावन्न किलोचा होता. त्याने ती चकती एकेक आकडा पुढे सरकवली आणि एकाहत्तरावर आणून ठेवली.