उंबराचा दंड

"पोचलंऽऽ…"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आठ वर्षांचा होतो. अब्बा, म्हणजे भोरचे जलीलभाई, बकऱ्यांचे व्यापारी. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर जाताना मला बरोबर घेत. अब्बांना बकऱ्या विकणाऱ्या धोंडाबाईमावशीच्या अंगणात आम्ही ताक पीत बसलो होतो आणि समोरच्या उंबराच्या दंडावरून, म्हणजे उंबराचं झाड असलेल्या डोंगरसोंडेवरून, कुणी तरी हाळी दिली. खालच्या वाडीत गाय व्याली, एवढाच निरोप. मावशीनं दोन्ही तळहात तोंडाशी धरून ओ दिली, "पोचलंऽऽ". मग वळून तोच निरोप पलीकडच्या टेकाडाला दिला. टेकाडामागून टेकाड, गळ्यामागून गळा. "पोचलं" कानावर येईस्तोवर हाळी देणारा जागचा हलत नसे.

"कुणी मेलं तर ते पण असंच सांगतात?" मी विचारलं.

"न्हाई रं. त्ये ज्याला कळलं त्यानं पायी यायचं आन् तोंडानं सांगायचं. वाऱ्यावर सोडायचं न्हाई."

२००२ साली भोरला आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर मी उभा केला. एक जुना संगणक, त्यावर लिनक्स, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. यंत्र दिवसातून तीनदा पुण्याला फोन लावी, मोडेम टिटवीसारखा किंचाळे आणि दूरदूरची पत्रं आत येत. वेल्ह्याच्या केंद्रातली सुप्रिया भोरला फोन जोडून तिथली पत्रं उतरवून घेई आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवी.

सर्व्हरच्या दोन सवयी मला आवडत. न पोचलेलं पत्र तो लगेच टाकत नाही. पाच दिवस रांगेत ठेवतो, पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. आणि पत्र ज्या ज्या यंत्रातून जातं, ते यंत्र पत्राच्या माथ्यावर आपलं नाव आणि वेळ उमटवतं. पोस्टाचा शिक्का जसा. सगळ्यात नवा शिक्का सगळ्यात वर.

मावशीचा एकुलता मुलगा सिद्धनाथ मालवाहू जहाजावर होता. नोकरी मीच लावून दिली होती. माझा मावसभाऊ झुल्फिकार त्याच जहाजावर स्वयंपाकी. बंदर लागलं की सिद्धनाथ इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवी. आई, काळी शेळी व्याली का. आई, गुडघ्याला तेल लाव. दर बुधवारी मावशी दोन तास डोंगर उतरून केंद्रात येई. बुधवारी मीही यंत्र बघायला वेल्ह्यात असे. सुप्रियानं वाचलं की मावशी म्हणे, "आता पुन्यांदा वाच. पयल्यांदा नुसता आवाज आयकला."

मेच्या सुरुवातीला झुल्फिकारचं पत्र आलं, माझ्या नावावर. सिद्धनाथ वादळात समुद्रात पडला. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. त्याच्या आईला तू स्वतः जाऊन सांग.

मी ते तीनदा वाचलं आणि पुसून टाकलं.

त्या बुधवारी मावशीनं विचारलं, "काय आलंय का रं?"

"जहाज लांब गेलंय, मावशी. तिथून मेल लागत नाही."

"बरं." माझ्या तोंडाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. "मिरगाच्या आधी सुपारी फोडायची हाय त्येची. विंझरची पोरगी. गोड हाय."

पुढच्या दोन बुधवारीही तिनं विचारलं. मीही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झुल्फिकारचं पत्र रांगेत दिसलं. पुसलेलं पत्र. वाटलं, पुसायचं राहिलं असेल. मग माथा बघितला. परदेशातलं बंदर, मुंबई, पुणे, भोर. आणि भोरच्याही वर एक नवा शिक्का. कामथडी.

भोरहून वेल्ह्याला जाताना लागणारं गाव. तिथं आमचं यंत्र नव्हतं. कुणाचंच नव्हतं. मी नोंदी तपासल्या, पासवर्ड बदलला, पत्र पुसलं.

सोमवारी ते परत रांगेत होतं. कामथडीच्या वर विंझर, वेल्ह्याच्या आणखी जवळचं. दोन्ही शिक्क्यांमधला वेळ मोजला. एसटीला लागतो त्याहून कितीतरी जास्त. माणूस पायी चालत गेला तर लागेल, तेवढा.

आणि पत्र आता माझ्या नावावर नव्हतं. धोंडाबाईच्या नावावर होतं.

मी मोडेमची वायर भिंतीतून उपटली आणि गुंडाळून पिशवीत टाकली.

बुधवारी वेल्ह्यात पोचलो तेव्हा सुप्रिया दारातच उभी होती. "भाई, मावशी आल्या नाहीत आज. असं कधी झालं नव्हतं. आणि सकाळपासून भोरचा फोन लागत नाही."

"वायर काढलीय मी."

"मग हे कुठनं आलं?"

मी पडद्याशी वाकलो. तेच पत्र. सगळ्यात वर वेल्हे, सकाळी अकरा पाच. पाठवणारा झुल्फिकार नव्हता. सिद्धनाथ होता. आतला मजकूर गेला होता. दोनच शब्द उरले होते.

पोचलं का?

"बंद कर," मी म्हणालो. तिनं बंद केलं. मग मीच म्हणालो, "उघड."

वेल्ह्याच्या वर आता आणखी एक शिक्का होता. उंबराचा दंड. बारा चाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते.

मी डोंगर चढायला लागलो. ऊन कातळावर उभं होतं. पिशवीतली वायर मांडीला घासत होती. वाटेत कुणी भेटलं नाही. एक पाखरूही बोललं नाही.

मावशी अंगणात बसली होती. शेळ्या चरत नव्हत्या. सगळ्या समोरच्या दंडाकडे तोंड करून उभ्या होत्या. दंडावर उंबर होता, बाकी काही नव्हतं.

"पायी आलास?"

"व्हय."

"पानी पी."

मी तांब्याला हात लावला नाही.

"मावशी," मी म्हणालो, "सिद्धनाथ गेला. समुद्रात. मला महिनाभर ठाऊक होतं. नोकरी मी लावली होती. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही."

ती रडली नाही. पदरानं माझं कपाळ पुसलं.

"ठावं हाय, बाळा."

"कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. विंझरच्या पोरीला म्या परवाच मोकळी केली. म्या बुधवारी उतरून यायची, त्ये तू सांगशील म्हनून. आज म्हनलं, त्यालाच येऊ दे." तिनं दंडाकडे बघितलं. "महिना झाला, लांबनं हाका मारतुया त्यो. रोज जरा जवळनं. आज उंबराखाली हुबा हाय. पर मानसानं तोंडानं सांगितल्याबिगर अशी हाळी घ्यायची न्हाई. म्हनून गप ऱ्हायले. लई जड गेलं रं, लेकराला ओ न देनं."

ती उठली. दोन्ही तळहात तोंडाशी धरले.

"पोचलंऽऽ, बाळा… पोचलंऽऽ."

शेळ्यांनी एकदमच माना वळवल्या. कुणी तरी दंड उतरून चालत जाताना बघावं, तशा. हळूहळू, एकीकडून दुसरीकडे.