आखूड स्टड

खंडेनवमीला कुंकू लावलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत का उचलत नाहीत, ठाऊक आहे तुम्हाला? मरोळच्या सहदेवला विचारा. चौऱ्याऐंशी साली त्याचं छोटंसं गॅरेज होतं, आणि मागच्या खोलीत दिवस भरलेली बायको, मालन. बाळंतपणाला तिला माहेरी मुलुंडला जायचं होतं, तिकडच्या इस्पितळात नावही घातलेलं. पण "एवढी पूजा आटपून जाते ना," म्हणत राहून गेली.

गावठाणातल्या कॉस्मसची फियाट तेव्हा कामाला आली होती. त्याला रुंद चाकांची भारी हौस. रुंद चाक आत घासू नये म्हणून मागे एक जाड चकती घालतात, स्पेसर. ती घातली की मूळचे स्टड, म्हणजे चाक ज्यांवर चढवून नट आवळतात ते आट्यांचे दांडे, आखूड पडतात, लांब बसवावे लागतात. तीन चाकं झाली, तेवढ्यात मालनने हाक मारली, "अहो, दिवेलागण झाली. हत्यारं धुवायची कधी?"

चौथं चाक काढलेलंच होतं. विटांवर टेकलेली गाडी पूजेला बरी दिसेना, म्हणून सहदेवने ते चाक आखूड स्टडांवरच नुसतं अडकवलं. नट जेमतेम दोन आट्यांवर. 'उद्या नीट बसवू,' असं मनाशी म्हणत उरलेले लांब स्टड त्याने पाटावर पान्याशेजारी मांडले, दशरथ उस्तादांच्या फोटोखाली. हळदकुंकू वाहिलं, गाडीला झेंडूची माळ घातली.

उजव्या हाताला अंगठा नसलेल्या या उस्तादांनीच त्याला हाताखाली घेऊन शिकवलं होतं. पवई तलावाच्या वळणावर चाक निखळलं, गाडी पाण्यात गेली आणि त्यातच ते संपले.

निरांजन तेवत होतं तोच मालनला कळा सुरू झाल्या. सहदेव टॅक्सी बघायला धावला. सणाची संध्याकाळ, एकही थांबेना. शेवटी रिक्षा घेऊन परतला, तर गॅरेज रिकामं. दारात शेजारची बेटी आंटी.

"अरे, होतास कुठे? कॉस्मस आला नि स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला तिला. माळेसकट! आता घाबरू नको रे, झकास चालवतो तो."

सहदेवला चौथं चाक आठवलं. दोन आटे... आणि मुलुंडची वाट त्याच वळणावरून.

पान्यासाठी तो आत झेपावला. हात पुढे केला, तर समोर उस्तादांचा फोटो. पाटावर कपाळ टेकून तो हुंदके देऊ लागला, "उस्ताद, काय हवं ते घ्या माझं. पण तिला पोचू द्या..."

डोकं वर केलं तेव्हा निरांजन विझलं होतं. चाचपडत त्याने पाना उचलला, स्टड उचलले. ते हाताला लहान लागले. बाहेर उजेडात धरून पाहिले. आखूड, जुने, झिजलेले. कुंकू मात्र तेच. आणि थंडगार, ओले... शेवाळाचा वास येणारे.

रिक्षा पवईला पोचली तेव्हा तलाव काळा पडला होता. वळणावर झेंडूची माळ पडली होती. गाडी नव्हती. पाण्यात चुबुक चुबुक आवाज होत होता. सहदेवला तिकडे बघवेना. "थांबू नका," एवढंच तो रिक्षावाल्याला कसाबसा म्हणाला.

इस्पितळाच्या आवारात फियाट धड उभी होती. सहदेव चौथ्या चाकाशी बसला. नटांतून लांब स्टडांची टोकं बाहेर आली होती. टोकांवर हळदकुंकू.

"वाट लागली होती यार," कॉस्मस जवळ येत म्हणाला. "मालन आत आहे, बरी आहे. पण तलावाशी चाक डुगडुगायला लागलं. गाडी थांबवली, तर काठावरून एक म्हातारा आला. चिंब ओला. बसून राहा म्हणाला. जॅक नाही, पाना नाही... नुसत्या हातांनी..."

"उजवा अंगठा...?"

"नव्हता. ओळखतोस?"

सहदेवने विचारलं, "मजुरी... काय मागितली?"

"पैसे नको म्हणाला. मालनकडे बघून हसला. म्हणाला, हाताखाली पोर हवं होतं... सहदेव देतो म्हणालाय."

दसऱ्याच्या सकाळी मालनला मुलगा झाला. नर्सने त्याची इवलीशी नखं दोनदा साबणाने धुतली. त्यांतलं काळं ग्रीस निघालं नाही.