रविवारी पडघ्याला

"मॅडम, जरा आमच्या आत्याला समजवा ना... ती आत यायलाच तयार न्हाय."

मी वजनकाट्यावर उभी होते. वळून पाहिलं. उन्हात रापलेला एक उंच तरुण, आणि त्याचा दंड घट्ट धरून उभी असलेली साठीची एक बाई.

"मी इथली मॅडम नाही," मी म्हटलं. "मी पेशंट आहे."

तो बघतच राहिला. चूक त्याची नव्हती. माझ्या काखेत वह्यांचा गठ्ठा होता आणि कानात मोठाले झुमके. डायलिसिसला येताना झुमके घालायचेच, हा माझा नियम होता. मशीनने रक्त धुवावं, हौस कशाला?

"रुचिरा, वह्या खाली ठेवून वजन कर!" आतून सिस्टर ओरडल्या. तो हसला... आणि मीही.

गुणाबाईंनी, म्हणजे त्याच्या आत्याने, माझा हात धरला. "पोरी, तुझं पन रगत मशीनीत जातं?"

"जातं, आणि धुऊन परत येतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. बसता माझ्यासोबत?"

बसल्या. चार तास माझा हात काही सोडला नाही त्यांनी.

त्याचं नाव विशाल. पडघ्याचा. जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर. गुणाबाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. म्हणून दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी हा भाचा दुपारची शिफ्ट घेऊन सकाळी त्यांना भिवंडीला आणायचा. माझेही तेच वार. मी अठ्ठावीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि शाळा सुटली. आईची किडनी जुळली नाही. किडनी मिळण्याच्या यादीत नाव आहे, पण नंबर कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नाही. तोवर घरी चार मुलांची शिकवणी.

दुसऱ्या आठवड्यात तो माझ्यासाठी शहाळं घेऊन आला.

"नारळपाणी मला चालत नाही, पोटॅशियम वाढतं," मी म्हटलं.

"मग आंबा?"

"नाही."

"केळं तरी?"

"तेही नाही."

"अहो, मग तुमच्यासाठी आणायचं तरी काय?"

"खडू," मी सहज बोलून गेले.

पुढच्या वेळी रंगीत खडूंची पेटी माझ्या खुर्चीवर ठेवलेली. आणि तो गंभीर चेहऱ्याने समोर उभा.

"आमच्या गोदामात पॅकिंगला तीस बायका हायत. खोक्यावरचं इंग्रजी वाचता येत न्हाय, म्हणून वर्षानुवर्षं नुसती चिकटपट्टी लावतात. वाचता आलं तर स्कॅनिंगला घेता येईल. शिकवाल?"

"मी? अहो, जिना चढले तरी धाप लागते मला."

"जिना न्हाय. तळमजला हाय."

दोन वर्षं लोक मला फक्त एकच विचारत होते – कशी आहेस? माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं ते या माणसाने. घरी जाताना रिक्षात मला उगाचच रडू आलं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार – शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एक तास. पहिल्या दिवशी नऊ जणी आल्या, महिन्याभराने बावीस. काही दिवस पायात गोळे यायचे, मग मी बसून शिकवायचे. एका दुपारी चंद्रा नावाची बाई खोक्यावर बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर जुळवत होती... "क... शे... ळी. कशेळी! बाई, ह्यो माल कशेळीला चाललाय!" आणि ती इतकी हसली की बाहेरचे ट्रकवाले डोकावून गेले. विशाल दाराशी उभा होता. तो चंद्राकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी फळ्याकडे वळले खरी, पण पुढचं अक्षर काही केल्या आठवेना.

"तीन दिवस मशीनचे, तीन दिवस वर्गाचे," सोडायला येताना तो म्हणाला. "रविवार कुणाचा?"

"झोपेचा."

"झोपेला सांगा, जरा सरकून बस म्हणावं..."

असं चाललं होतं. गुणाबाई शेजारच्या खुर्चीतून सगळं ऐकायच्या आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायच्या.

दीड वर्षाने, जानेवारीत, त्या गेल्या. मंगळवारी माझ्याशी बोलल्या होत्या. गुरुवारी ती खुर्ची रिकामी.

मी सांत्वनाला गेले नाही. धीरच झाला नाही. उद्या माझी खुर्ची अशीच रिकामी होईल आणि तेव्हा हा माणूस... मी त्याचे फोन घेणं बंद केलं. वर्ग मात्र सोडला नाही. तो दारात दिसला की मी फळ्याकडे तोंड करायचे.

एका शनिवारी मशीन सुरू झालं आणि तो आत आला. आत्याच्या खुर्चीत बसला.

"आता इथे कशाला येता?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी."

"विशाल, ऐका. मी बरी होईन की नाही, माहीत नाही. मूल होईल की नाही, माहीत नाही. तुम्ही आत्ताच एका माणसाला पोचवून आलात."

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "आत्या गेली तेव्हा मी लई रडलो. पण एक सांगू? लहानपणापासून एका घरात राहिलो, तरी तिच्याशी कधी धड बोललो नव्हतो. ह्या दीड वर्षात, पडघा ते भिवंडी जाता-येता... ती गाडीत लग्नातली गाणी म्हणायची. नवऱ्याच्या खोड्या सांगायची. रस्ता तुंबला की मला उलट बरं वाटायचं. त्यातला एकही दिवस कमी हवा होता असं मला वाटत न्हाय."

मशीन घरघरत होतं. माझ्या डाव्या मनगटाजवळ, सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेल्या जागी, रक्त सतत गुणगुणतं. त्या हाताला तर सुया होत्या. मी उजवा हात पुढे केला.

"या रविवारी तुमच्या घरी येते," मी म्हटलं. "तुमच्या आईला सगळं मीच सांगेन. त्या नाही म्हणाल्या, तर..."

"तर पुढच्या रविवारी परत या."

पडघ्याच्या घरी त्याच्या आईने, रंगूबाईंनी, मला ओटीवर बसवलं. मी काही लपवलं नाही. मशीन, यादी, खाण्याचं पथ्य, मुलाबाळाचं, सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"माज्या नंदेला मी शेवटची आंघोळ घातली, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "माजा जीव घाबरतो. खोटं न्हाय बोलत."

"माझाही घाबरतो," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून आत गेल्या. विशाल माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. आत भांडी वाजत राहिली. वाटलं, झालं... निघावं आता.

तेवढ्यात त्या दारात आल्या. हाताला पीठ, डोळे लाल.

"ए पोरी," त्यांनी विचारलं, "तुज्या भाजीत मीठ किती घालू?"