काट्यावरचं वजन

गोदामात जेवणाची सुट्टी झाली होती आणि इंजिनिअरला हे फालतू काम उरकून घर गाठायचं होतं. जमिनीत बसवलेल्या वजनकाट्याचे आकडे कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारं कार्ड तपासायचं, आणि ते बिघडलंय असं लिहून द्यायचं. मागे क्रेनचं ओझं सुटून एक हमाल चिरडला होता. काट्यावर माणूस उभा असताना क्रेन चालवली, असं कार्डातले आकडे सांगत होते. मालकाला ते आकडे खोटे ठरवायचे होते.

काटा सांभाळणाऱ्या बाई चाचरत म्हणाल्या, की अजूनही अधूनमधून रिकाम्या काट्यावर वजन दिसतं. तो तुच्छतेनं हसला.

"कार्डाला भूत लागत नाही, बाई. ओल लागते."

त्यानं वायर काढल्या. पडद्यावर शून्य. पुन्हा जोडल्या. आकडा सावकाश चढला आणि पन्नास किलोच्या आसपास थांबला. काटा मोकळाच होता. वर क्रेनची साखळी किरकिरत होती, ग्रीसचा उग्र वास येत होता. त्यानं नवंकोरं कार्ड बसवलं. आकडा तोच.

म्हणजे जुनं कार्ड धडधाकट होतं. चिडून तो स्वतःच काट्यावर चढला आणि आपलं वजन किती दिसतंय ते विचारलं.

"तुमचं बरोबर दाखवतोय... पण तुमच्या वर आणखी पन्नास." बाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. "तो हमाल किडकिडीतच होता, साहेब."

असली माणसं पिऊन कुठंही तडमडतात, असं पुटपुटत त्यानं तिथंच उभ्या उभ्या 'कार्ड निकामी' असं लिहून सही ठोकली आणि तो खाली उतरला.

"साहेब... आता शून्य झालं."

तो मागं वळला नाही.

गेटाबाहेर चहा मिळत होता. दोन दगडांवर टाकलेली लांब फळी दोन्ही बाजूंनी दगडांच्या बाहेर आली होती; तिच्या अगदी टोकाला तो बसला. चहावाला लगबगीनं आला.

"मधे सरका, काका. टोकाला एकटं बसलं की उलटते ती..."

बोलता बोलता तो थांबला. फळी जराही हलली नव्हती. इंजिनिअरनं मान वळवली. पलीकडचं टोक रिकामं होतं, तरी तसूभरही वर उचललं गेलं नव्हतं.

चहा निवला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. आता आपण उठलो की ते टोक खाली जाईल, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

तो बसूनच राहिला.