डाव्या कोपऱ्यातला अंगठा

झाला का काढून फोटो? सगळे आलात? बघू... आणि ही काढणारी कुठाय यात? अरे, तिलाही घ्या रे पोरांनो. हसू नका. का ते सांगतो. आधी तो दिवा बारीक करा, डोळ्यांवर येतोय.

माझा एक मित्र आहे, चष्मेवाला. खोटं वाटलं तर उद्या दुकानात जाऊन विचारा त्याला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शाळेत शिकवायच्या. फोटोंचं भारी वेड. नवरा घोरतोय, काढ फोटो. पोरगी तोंडभर साबण लावून पळतेय, काढ फोटो. आणि प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात ह्यांचा अंगठा! कितीदा सांगितलं, पण तो काही हलायचा नाही. नवरा म्हणायचा, "आमची अंगठाबहाद्दर!" मास्तरीणबाईंना, बरं का! त्या नुसत्या हसायच्या. "तू पण ये की फोटोत," म्हटलं की म्हणायच्या, "माझं काय, मी आहेच ना!"

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. साध्या तापाचं निमित्त. ध्यानीमनी नसताना.

घरात ढीगभर फोटो, पण वहिनींचा धड एक नाही. लग्नातल्या फोटोत डोळे मिटलेले. ओळखपत्रावरचा दाखवला तर पोरगी म्हणाली, "ही आई नाहीच." सात वर्षांची पोर. एक दिवस तिनं विचारलं, "बाबा, आईचं नाक कसं होतं?" दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारा माणूस तो, आणि त्याला सांगता येईना. माझ्यासमोर ढसाढसा रडला.

तर त्याच वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुकान बंद करून हा स्टुडिओत गेला. वहिनींचा जुना कॅमेरा तिथं दिला होता, एखादा तरी फोटो सापडेल म्हणून. स्टुडिओवाला म्हणाला, "बॅटरी फुगली होती, काढून टाकलीय. नवी मागवतो. फोटो सगळे उतरवून घेतलेत, कार्ड रिकामं आहे. पण वहिनी कशातच नाहीत हो. अंगठा तेवढा आहे."

घरी पोहोचला तर पोरगी जागीच. सोबतीला बसलेल्या शेजारच्या काकू उठून गेल्या. कॅमेरा त्यानं पलंगासमोरच्या कपाटावर ठेवला.

"सापडली आई?"

त्यानं खिशातून फ्रेमा काढल्या. एक नाकावर चढवली, एक कपाळावर, एक हनुवटीला लटकवली, आणि पलंगावर बसून माकडासारखी तोंडं करायला लागला. पोरगी आधी घुम्यासारखी बघत राहिली. मग खुदकन हसली. मग लोळून लोळून. कित्येक महिन्यांनी ते घर हसत होतं. हसता हसता येऊन ती बापाच्या मांडीवर बसली.

आणि समोर बघायला लागली. कपाटाकडे. तिथं अंधार होता.

"बाबा, थोडा इकडे सरक."

"का गं?"

"आपण दोघं मावत नाही म्हणतेय."

"कोण?"

पोरगी नुसती हसत होती.

तो सरकला. का सरकला... त्यालाही माहीत नाही.

लख्ख उजेड पडला. एकदाच.

मग काही नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी. कसंबसं त्याच्या तोंडून निघालं, "तू... तू पण ये ना फोटोत."

...

"गेली," पोरगी म्हणाली.

कॅमेरा कपाटावरच होता. कव्हरात. चेन लावलेली.

सकाळी स्टुडिओवाल्यानं कार्ड लावून बघितलं. एकच फोटो होता. तीन चष्म्यांआड भेदरलेला बाप, आणि मांडीवर पोरगी. डाव्या कोपऱ्यात काहीतरी पुसट, तांबूस. अंगठा.

"काढला कोणी?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

फोटो दुकानात लावलाय, मी पाहिलाय. पोरगी हसतेय, पण कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. जरा वर बघतेय... फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो ना आपण, तशी.

त्या रात्रीपासून आईचं नाक कसं होतं, हे तिनं कधी विचारलं नाही.